गुडघ्याचा इतिहास : पुरुषांच्या कपड्यांकडे कसं बघावं?

(किहीम इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांना दिलेली उत्तरं जोडली आहेत.)

मागे आवाज येतोय ना? समुद्राचा येत असणारच, माझा येतोय का ते सांगा. ठीक.

आजचा विषय कळल्यावर माझा एक मित्र म्हणाला, "पुरुषांच्या कपड्यांवर तासभर काय बोलणार? बायकांचं समजू शकतो. पैठणी आहे, इरकल आहे, नऊवारी-पाचवारी आहे. आपलं काय? पँट आणि शर्ट. संपलं." त्याला म्हटलं, तुझा हा प्रश्न हाच माझा विषय. पुरुषांच्या कपड्यांत बोलण्यासारखं काही नाही असं आपल्याला का वाटतं?

आणि हे किहीममध्ये बोलायला मला विशेष बरं वाटतंय. १९३० च्या सुमारास सलीम अली याच गावात राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास करत होते. सुगरणीचं घरटं आपण मादीच्या नावावर खपवतो, पण ते विणतो नर. विणीच्या हंगामात पिवळाधमक होतो तोही नरच. मादी साधी, चिमणीसारखी. ती येऊन घरटं तपासते, पसंत पडलं तर राहते. म्हणजे पुरुषानं नटणं काही सृष्टीच्या विरुद्ध नाही. आपल्याकडेही फार जुनी गोष्ट नाही. अंगरखा, रंगीत पागोटं, कानात भिकबाळी, हातात कडं, असा बाप्या माणूस नटायचा. मग तो नटायचा थांबला. युरोपातल्या पुरुषांबद्दल फ्लूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३० साली हेच लिहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला तिकडच्या पुरुषांनी रंग, मखमल, झालरी सोडल्या आणि काळा-करडा कोट धरला. याला त्यानं 'महान पुरुषी त्याग' असं नाव दिलं. नाव झकास आहे. पण ते इथं लावून बघितलं की पहिला प्रश्न येतो : त्याग करायचा तर आधी जवळ काहीतरी असावं लागतं. ज्याच्याकडे कमरेच्या एका फडक्याशिवाय काही नव्हतं, त्यानं कसला त्याग करायचा?

इथून माझ्या टीकेला सुरुवात होते. पुरुषांच्या कपड्यांची जी गोष्ट आपण एकमेकांना सांगतो, ती मला तपासायची आहे. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पणजोबा पगडी-उपरण्यात, आजोबा धोतर-कोट-टोपीत, वडील पँट-शर्टात, आपण जीन्समध्ये आणि पोरगं बर्मुड्यात. 'पूर्वीची माणसं साधी होती, कपड्यांत मर्यादा होती, आता काही राहिलं नाही.' दिवाळी अंकांत, लग्नाच्या मांडवात, फॅमिली ग्रुपवर सगळीकडे हीच गोष्ट.

माझं म्हणणं असं, की ही गोष्ट फार थोड्या घरांची आहे आणि ती सगळ्यांची म्हणून सांगितली जाते.

याच पट्ट्यातलं घ्या. थळ, नवगाव, किहीम, आवास, सासवणे. इथं धोतर-कोट-टोपी किती जणांच्या अंगावर होती? कोळीवाड्यात पुरुषाच्या कमरेला सुरका. म्हणजे चौकड्यांचा चौकोनी रुमाल, टोक पुढे येईल असा बांधलेला, मांड्या मोकळ्या. वर बंडी, डोक्यावर टोपी. खाऱ्या पाण्यात उतरायचं, होडी ढकलायची, जाळं ओढायचं, त्याला पायघोळ काही चालतच नाही. आगरी माणूस भातखाचरात किंवा मिठागरात. गुडघाभर चिखल. कमरेला लंगोटी नाहीतर आखूड पंचा, पावसाळ्यात पाठीवर इरलं, थंडीत घोंगडी. हा होता इथला रोजचा पुरुषी पोशाख, आणि तो फोटोत नाही.

का नाही, तर फोटो काढायला स्टुडिओत जावं लागायचं आणि तिथं कोट मिळायचा. आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. त्यात ते कोट घालून, टोपी लावून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. लहानपणी मी तो बघून म्हणायचो, काय रुबाब होता आजोबांचा! पुढे आजीनं सांगितलं, कोट स्टुडिओवाल्याचा, टोपी शेजाऱ्याची, खुर्चीही तिथलीच. आजोबांचं स्वतःचं त्या फोटोत काय होतं, तर पाय. आणि ते धोतराखाली झाकलेले. धोतरसुद्धा लग्नातलं, नंतर वर्षानुवर्षं गाठोड्यात.

तेव्हा जुना फोटो बघताना हा रोजचा पोशाख आहे असं समजू नका. माणसानं स्वतःला कसं आठवलं जावं याची केलेली ती विनंती आहे. घुर्यांसारखा मोठा समाजशास्त्रज्ञ, मालवणचा माणूस, त्यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर ग्रंथ लिहिला. शिल्पं, चित्रं, जुनं वाङ्मय यांच्या आधारानं केलेलं प्रचंड काम आहे ते. पण अशा सगळ्याच कामांची एक मर्यादा असते. ज्यांची शिल्पं घडली, ज्यांच्यावर काव्यं लिहिली गेली, त्यांचेच कपडे सापडतात. चिखलातला माणूस पुराव्यातच येत नाही.

याला अपवाद आपल्या शेजारीच आहे. सासवण्याला करमरकर शिल्पालय आहे, आज संध्याकाळी परत जाताना जरूर थांबा. विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, याच सासवण्याचे. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी बघितलं आणि मुलाला जे. जे. स्कूलचा रस्ता दाखवला. पुढे १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच माणसानं घडवला. जिरेटोप, अंगरखा, शेला, घोडा, सगळा थाट. पण तोच हात घरी आला की गावातली माणसं घडवायचा, म्हशी घडवायचा. त्या अंगणात उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. पुण्यातल्या पुतळ्यात माणसाची ओळख त्याच्या पोशाखातून पटते. इथल्या माणसांची ओळख खांद्यातून, पाठीतून, बसण्याच्या पद्धतीतून पटते. कपडा ओळखपत्र नसतो तेव्हा शरीर ओळखपत्र असतं. स्टुडिओच्या दारापर्यंत कधी न गेलेल्या माणसांना मराठी शिल्पकलेत एवढ्या प्रेमानं जागा मिळालेलं दुसरं अंगण मला तरी माहीत नाही.

आता दुसरा मुद्दा. आपण म्हणतो कपडे फॅशननं बदलले, इंग्रजांच्या नकलेनं बदलले. कारकुनाच्या घरात ते काही अंशी खरं असेल. पुलंच्या 'असा मी असामी'मधला गिरगावातला कारकून बदलत्या काळामागून फरफटत जातो आणि आपण पोट धरून हसतो. मीही हसतो. पण हे हसू परवडतं कुणाला? ज्याचा आधीचा पोशाखही प्रतिष्ठेचा होता आणि नंतरचाही, त्याला. धोतरातून पाटलोणीत जाताना त्याची इज्जत पणाला लागलेली नसते, गंमत होते फक्त. इज्जतच पणाला लागते तिथं हीच गोष्ट विनोदी राहत नाही.

माझे आजोबा कूळ होते. खोताच्या वाड्यावर जाताना चपला हातात घ्यायच्या, डोक्याचं मुंडासं काढून खांद्यावर टाकायचं आणि खालच्या पायरीशी बसायचं. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता, सगळ्यांना पाठ होता. याच अलिबाग तालुक्यात चरीला १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी संप केला. खोताची जमीन कसायची नाही म्हणून सहा वर्षं नांगर खाली ठेवले. नारायण नागू पाटील पुढारी. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली. मागणी होती पिकातल्या वाट्याची. मग १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. आमच्या घरातले कपडे बदलले ते त्यानंतर. आजी सांगायची, सातबाऱ्यावर नाव लागलं त्या वर्षी आजोबांनी बाजाराला जाण्यासाठी वेगळं धोतर घेतलं. रोजच्या वापरातलं, गाठोड्यातलं नव्हे. लंगोटीचं धोतर झालं ते फॅशननं झालं नाही, सातबाऱ्यानं झालं. कपड्यांचा इतिहास लिहायचा तर शिंप्याच्या दुकानाइतकंच तलाठ्याच्या कचेरीतही जावं लागतं, असं मी म्हणतो ते यामुळे.

दुसरं मोठं कारण मुंबई. १८५४ साली मुंबईत कापडाची पहिली गिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या पिढ्यांत कोकणातला पुरुष गिरणीत गेला. म्हणजे गंमत बघा, जो कापड विणत होता त्याच्या घरात कापडाचीच टंचाई. माझे वडील लालबागला गाळ्यात राहायचे, रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्यावर. गणपतीला, शिमग्याला घरी यायचे. एका वर्षी ते टेरिकॉटची पँट घालून आले. कडक इस्त्री. ती मोडू नये म्हणून रात्री घडी घालून गादीखाली. आजोबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "यान बसाचा कसा रं?"

मला वाटतं, मराठीत पँटवर केलेली ही सगळ्यात नेमकी समीक्षा आहे. यात बसायचं कसं? कारण पँट एकटी येत नाही. ती खुर्ची घेऊन येते. धोतरात, लंगोटीत माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, एक गुडघा उभा करून विडी ओढतो. पँटीत मांडी घातली की शिवण तंगते, इस्त्री मोडते. म्हणून मग ओटीवर खुर्ची आली. खुर्चीवर बसलेला मुलगा आणि जमिनीवर बसलेला बाप अशी नवीन उंची घरात तयार झाली. वडील कधी आजोबांसमोर खुर्चीवर बसले नाहीत. पँट घातली की ते उभेच राहायचे. दिवसभर उभे. संध्याकाळी लेंगा चढवला की खाली बसायचे. बाप आणि मुलगा यांच्यात काय बदललं ते त्या उभं राहण्यात सगळं आहे.

पण माझ्या वडिलांच्या पँटला नक्कल म्हणायला मी तयार नाही. त्या पँटनं त्यांना एक गोष्ट दिली. कचेरीत गेल्यावर "कोण रे तू?" याऐवजी "काय काम आहे?" असं विचारलं जाऊ लागलं. 'रे'पासून 'आहे'पर्यंतचं हे अंतर पँटीनं कापलं.

हे ज्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट कळलं, ती तीन माणसं मला इथं आठवतात. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. बाकी सगळे दागदागिन्यांनी, शालजोड्यांनी सजून आलेले. जोतीराव फुले मुद्दाम साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि सांगितलं, या देशातली रयत अशी दिसते, समोर बसलेत त्यांच्यासारखी नाही. दुसरे गांधीजी. २२ सप्टेंबर १९२१, मदुराई. त्यांनी सदरा-टोपी उतरवली आणि गुडघ्यावरचा पंचा धरला. तिसरे बाबासाहेब. त्यांनी सूट घातला, टाय लावला, आणि आजही गावोगावचा पुतळा सुटातच आहे.

या तिघांना एका ओळीत बसवून 'साधी राहणी' हा निकष लावला की घोळ होतो. गांधीजींचा पंचा महान का ठरला? कारण सूट घालता येत असताना त्यांनी तो सोडला. विलायतेत बॅरिस्टर झालेला माणूस गुडघे उघडे टाकतो तेव्हा जगाला त्यात त्याग दिसतो. माझ्या आजोबांचे गुडघे आयुष्यभर उघडे होते, त्यांना कुणी महात्मा म्हटलं नाही. आणि ज्याला अंगभर कपडा घालण्यावरूनच अडवलं गेलं, त्यानं सूट घालणं म्हणजे चैन नव्हे. याच जिल्ह्यात, महाडला, मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केलं. लुगडं कसं नेसायचं, जात ओळखू येईल अशा दागिन्यांची ओझी कशी टाकून द्यायची, हे त्यांनी नीट सांगितलं. पाण्याच्या लढ्यात लुगड्याची गोष्ट कशाला? कारण पेहराव ही जातीची पाटी होती. पाटी उतरवायची तर पेहराव बदलायला हवा. साधेपणा हा गुण आहे, पण निवड करता येणाऱ्याचा. ज्याच्यावर तो लादलाय त्याच्या साधेपणाचं कौतुक करणं हा दुष्टपणा आहे.

डोक्याचंही तेच. पगडी कुणाची, पागोटं कुणाचं, मुंडासं कुणाचं, हे सगळं ठरलेलं. बोडक्या डोक्यानं बाहेर पडणं अशुभ. मग काळी टोपी आली, गांधी टोपी आली, आणि बघता बघता डोकं मोकळं झालं. आज टोपी सापडते ती सत्यनारायणाला बसताना आणि मयताला. पण पगडीतली जात गेली असं समजू नका. २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१८ साली पुण्यातल्या एका राजकीय सभेत पुणेरी पगडी बाजूला ठेवून फुल्यांचं पागोटं घालावं, यावरून आठवडाभर चर्चा रंगली. डोक्यावर रोज कुणी काही घालत नाही, तरी कुठलं घालायचं यावर भांडण होतं. मेलेला पोशाख जिवंत पोशाखापेक्षा जास्त बोलतो तो असा.

याला लागूनच आजच्या 'पारंपरिक दिवसा'बद्दल बोलतो. कॉलेजात, ऑफिसात वर्षातून एकदा होतो. मुलं कुर्ता, धोतर, फेटा, कपाळाला चंद्रकोर, महाराजांसारखी राखलेली दाढी अशी येतात. दिसतात छान, मला आवडतात. धोतर शिवलेलं असतं, इलॅस्टिकचं, त्यालाही हरकत नाही. पण मी एवढ्या वर्षांत पारंपरिक दिवसाला एकही मुलगा लंगोटी लावून, पाठीवर इरलं घेऊन आलेला बघितला नाही. सुरका बांधून आलेला बघितला तो गॅदरिंगच्या कोळी नाचात. सगळ्यांचे पूर्वज सरदार. मग चिखलात भात कुणी लावलं? मीठ कुणी ओढलं? परंपरेच्या नावानं आपण स्टुडिओतला उसना कोट पुन्हा घालतोय, फक्त आता तो ऑनलाइन मागवता येतो.

आता वर्तमानात येऊ. मध्ये बरंच घडलं, ते थोडक्यात सांगतो. बेलबॉटम आली-गेली, सफारी आला-गेला. दिवाळीला एकाच ताग्यातले सगळ्या भावांचे शर्ट, तेही वाढत्या अंगाचे, हे तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. थळला १९८० च्या दशकात खत कारखाना आला, त्याबरोबर पोरांच्या अंगावर युनिफॉर्म आणि पायात सेफ्टी शूज आले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अनेक बाप पेटीत घडी केलेली पँट घेऊन गावी परतले आणि पुन्हा लेंग्यात शेतावर गेले. पुढे तयार कपडे आले, शिंप्याचं मशीन आल्टरेशनपुरतं उरलं. कापडाची जातही बदलली. सुती धोतर विरलं की त्याची बाळाची दुपटी व्हायची, मग गोधडीत जायचं, शेवटी दिव्याची वात. एक धोतर चार जन्म घ्यायचं. आजची पॉलिस्टरची जर्सी फाटली की ना टिपायला, ना पांघरायला. उधाणानंतर किनाऱ्यावर जाऊन बघा, जाळ्याच्या तुकड्यांबरोबर कपडेही अडकलेले दिसतात.

आणि आता गुडघा. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. तासाभरात मुंबईची गाडी इथं. शुक्रवारी संध्याकाळी मांडवा जेटीवर उभं राहा आणि येणाऱ्या पुरुषांचे फक्त पाय बघा. बर्मुडा, चप्पल, ढगळ टी-शर्ट. गुडघे उघडे. वयानं साठीचे, हुद्द्यानं मोठे, गुडघे उघडे. आणि त्यांना घ्यायला आलेला ड्रायव्हर, बंगल्याचा केअरटेकर, त्याच्या अंगावर फुल पँट, कॉलरचा टी-शर्ट, खिशावर बंगल्याचं नाव. माझा एक पुतण्या असाच एका बंगल्यावर आहे. एप्रिलच्या उकाड्यात एक दिवस तो थ्री-फोर्थ घालून कामावर गेला. मालक सज्जन माणूस, पण म्हणाला, "पाहुणे आहेत, नीट कपडे घालून ये." मालक स्वतः तेव्हा गुडघ्यावरच्या चड्डीत होता.

मंडळी, हा माझा आजचा मुख्य मुद्दा आहे. आजोबांचा गुडघा उघडा होता, कारण ते कामात होते. वडिलांनी तो झाकला, कारण त्यांना माणसासारखं बोलवून घ्यायचं होतं. आज पाहुण्याचा गुडघा उघडा आहे, कारण तो सुटीवर आहे. आणि पुतण्याचा झाकलेला आहे, कारण तो कामात आहे. चार पिढ्यांत गुडघा उघडा-झाकला किती वेळा झाला, पण कुणी उघडायचा आणि कुणी झाकायचा हे ठरवणारा कायम समोरचाच. 'आता काय, कुणीही काहीही घालतं,' असं म्हणतात ना, ते अर्धसत्य आहे. जो ज्या जागी मालक आहे तो तिथं काहीही घालतो. बाकीचे नीट कपडे घालून येतात.

अजून एक जण या गोष्टीत कायम बाहेर राहतं. बाई. पुरुषानं नोकरीसाठी पँट घातली तेव्हा तो धर्म सोडतोय असं फारसं कुणी म्हटलं नाही. पोटासाठी आहे, चालायचंच. संस्कृती सांभाळायचं काम बायकोच्या लुगड्यावर सोपवून तो बसमध्ये चढला. आजही अर्ध्या चड्डीत ओट्यावर बसलेला बाप मुलीला सांगतो, "ओढणी घे." त्याला स्वतःची चड्डी दिसत नाही. कारण पुरुषाच्या कपड्यांत बोलण्यासारखं काही नसतं, नाही का? पुरुषाचे कपडे हे कपडेच नाहीत, तो नुसता माणूस आहे, आणि पोशाख घालते ती बाई, असं आपण धरून चाललोय. माझ्या मित्राच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ज्याच्याकडे बोट दाखवायची सोय नसते, त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही असं वाटतं.

म्हणून एक विनंती करून थांबतो. घरी गेल्यावर भिंतीवरचा जुना फोटो खाली उतरवा. कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, यातला कोट कुणाचा होता? रोज काय घालायचात? कुठं जाताना काय काढून ठेवावं लागायचं? ही पिढी अजून काही वर्षं आहे. तेवढ्यात जमलं तर आपल्याकडे पुरुषांच्या कपड्यांचा खरा इतिहास राहील. नाहीतर फक्त फेटे राहतील.



(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न : तुम्ही धोतराच्या विरोधात आहात का? माझे वडील शेवटपर्यंत धोतर नेसले, आम्हाला त्याचा अभिमान आहे.

उत्तर : अजिबात विरोधात नाही. धोतर हा फार हुशार कपडा आहे. शिवण नाही, बटण नाही, माणूस जाड झाला, बारीक झाला तरी तेच चालतं. या दमट हवेत पँटपेक्षा शहाणपणाचं. तुमच्या वडिलांनी नेसलं, त्यांना ते आवडत होतं, अभिमान बाळगाच. माझं म्हणणं एवढंच, की 'आमचे वडील धोतर नेसायचे' या वाक्याचं 'पूर्वी सगळे धोतर नेसायचे' असं वाक्य करू नका. पहिलं वाक्य आठवण आहे. दुसऱ्या वाक्यात माझे आजोबा गायब होतात.

प्रश्न : (एक तरुण) सर, मी इथंच एका रिसॉर्टवर काम करतो. मला युनिफॉर्म आवडतो. तो घातला की गावातसुद्धा लोक वेगळं बघतात. तुम्ही तो लादलेला म्हणताय, मला तसं वाटत नाही.

उत्तर : हे बरं झालं तुम्ही बोललात. मी वडिलांच्या पँटबद्दल जे म्हटलं, तेच तुम्ही युनिफॉर्मबद्दल म्हणताय, आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूनं होतो. म्हणजे पुतण्याची गोष्ट सांगताना मी त्याच्या वतीनं चिडलो, त्याला विचारलंच नाही. ही चूक माझी. तुम्हाला तो कपडा मान देतो, तर तो मान खरा आहे. मी फक्त एक प्रश्न तुमच्यापाशी ठेवतो, उत्तर आत्ता नको. सुटीच्या दिवशी तुम्ही त्याच रिसॉर्टवर, तुमच्या आवडीच्या कपड्यांत, चहा प्यायला गेलात, तर गेटवरचा तुमचाच सोबती तुम्हाला आत सोडेल का? सोडत असेल, तर माझं आजचं अर्धं व्याख्यान चुकलं म्हणून समजा. आणि ते चुकलं तर मला आनंदच होईल.